तोंड मिटून बस

१४ डिसेंबर
ईझुका

वाकाना,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूविषयी एक वाक्य लिहायचं असतं, म्हणून लिहिते. थंडी आहे. झालं ऋतूचं.

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमन आत टाकणार एवढ्यात मी ते त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. चार वर्षांत तुझ्याकडून छापील कार्डं आली, बाबा गेल्याला वर्ष झालं तेव्हा उदबत्त्यांची पेटी आली, पण हाताने लिहिलेलं हे पहिलंच. मुलगी झाली! मिओरी नाव चांगलं आहे. कपाळ तुझ्या बाबांचं आहे. गाल कोणाचे ते मी सांगायला नको, आरशात रोज बघते.

फोटो गल्ल्याजवळ लावलाय. बन घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. काहींना दोनदा दाखवून झाला.

आता तू खाली बारीक अक्षरात जे लिहिलंयस त्याबद्दल. बारा मार्चला शंभराव्या दिवसाचं जेवण, दोन्ही घरांत वयाने मोठी बाई मीच, तेव्हा चॉपस्टिक मी धरीन का. तुझ्या वेळी माझ्या आजीने धरल्या होत्या. देवळातून आणलेल्या खड्याला चॉपस्टिकचं टोक लावलं, ते तुझ्या हिरडीला टेकवलं आणि म्हणाली, “दगडासारखे दात येऊ देत.” तू तिच्या अंगावर दूध काढलंस. आजी ऐंशीव्या वर्षी सुकवलेली माकूळ कडाकडा चावायची. ज्याच्या हातून तो खडा टेकतो त्याचे दात आणि त्याचं आयुष्य बाळाला मिळतं असं आपण मानतो, आणि तुझ्या दातांकडे बघता खोटं म्हणता येत नाही.

पण मार्चमध्ये माझं कसं जमणार? विषुवाच्या आठवड्यात अख्खं गाव पितरांपुढे गोड ठेवतं. बाबा होते तेव्हा निदान पुरणाचे अझुकी दाणे निवडायला दोन हात जास्त होते. आता पुरण शिजवायचं मी, बन वाफवायचे मी, खोक्यांना कागद गुंडाळायचा तोही मीच.

शिवाय तुमच्या घरी मी तोंड मिटून बसायचं असतं ना? मिटल्या तोंडाने चॉपस्टिक धरता येतील. आशीर्वाद कसा देणार?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

माझं ठीक आहे. नगरपालिकेच्या तपासणीत त्या मुलीने कमरेला टेप लावली तेव्हा मी दरवर्षीसारखा श्वास रोखून धरला. ती दरवर्षीसारखी म्हणाली, “हिराता बाई, सोडा आता, नोंद झाली.” कंबर थोडी जास्त आहे, असं ती म्हणते. थोडी म्हणजे टेप संपायला थोडी उरते.

हिसाशीला नमस्कार सांग. त्याच्या आईलाही.

आई


७ जानेवारी

वाकाना,

आज सात पाल्यांच्या पेजेचा दिवस. सकाळी केली, दोन वाडगे खाल्ले. नववर्षाच्या मेजवानीनंतर पोटाला आराम म्हणून ही पेज खातात. मला यंदा आरामाची तशी गरज नव्हती, सणाची तांदळाची मोची खाल्लीच नाही. इच्छा नव्हती. चिकट झाली होती नेहमीपेक्षा.

तू विचारतेस व्हिडिओवर नुसतं छत का दिसत होतं. फोन जुना आहे, उभा राहत नाही. आणि मग मी दिसले तेव्हा घरात मास्क कशाला, असंही विचारलंस. सर्दी आहे. ईझुकात सगळ्यांना सर्दी आहे. मिओरी मात्र मला दिसली, ते पुरे. जांभई दिली तिने. आतून सगळं तोंड गुलाबी, शिंपल्यासारखं. मी फोन बंद केला तो बॅटरी संपली म्हणून.

तू हसशील, पण मी अगदी एकटी पडलेय असं समजू नकोस. लोक मला मान देतात. नववर्षाच्या भेटीत यंदाही तीन घरांतून पुदिन्याच्या गोळ्या आल्या. गल्लीच्या मंडळातल्या नोगामी बाईंनी तर रेशमी फीत बांधून दिल्या. गेली कित्येक वर्षं देतात. गोडाचं दुकान चालवणाऱ्या बाईला गोड काय द्यावं म्हणून लोक विचार करून देतात, हे मला आवडतं. मी परतभेट म्हणून प्रत्येकीला बनांचं मोठं खोकं पाठवते. मग त्या पुन्हा गोळ्या पाठवतात. मग मी पुन्हा खोकं. असा आमचा लोभ आहे.

मार्चचं अजून नक्की नाही. हिसाशीची आई माझ्याहून तीनच वर्षांनी लहान ना? दिसायला किती नीटनेटकी. दात तर मोत्यासारखे. ती धरेल तर कोणाला वाईट वाटणार आहे?

तुला वाटेल आई अजून रुसलीय. तशी रुसलेय मी. पण हे त्यातून आलेलं नाही.

बाळाच्या पायांत मोजे घालत जा. फोटोत उघडे दिसतात.

आई


३० जानेवारी

वाकाना,

आज तुला एक गंमत सांगते. माझी नाही. शेजारी एक किनुए बाई राहायला आल्यात, त्यांची.

या किनुए बाई माझ्याच वयाच्या, माझ्याच मापाच्या. नववर्षाला मोची खाताना त्यांचा वरचा एक दात मोचीबरोबर निघून आला. दुखलं नाही. रक्तही फारसं आलं नाही. मोचीच्या गोळ्यात रुतलेला होता, आणि बाई चावायला जाणार तोच लागला. त्यांनी तो पाण्याखाली धुतला, कागदात बांधला आणि त्यानंतर कोणासमोर मास्क काढला नाही.

शेवटी गेल्या दातांच्या डॉक्टरकडे. एगाशिरा म्हणून आहेत, स्टेशनच्या मागे. माणूस अगदी वाळका, ब्रशच्या दांडीसारखा. त्यांची मदतनीस मुलगी बारीक सळईने प्रत्येक दाताभोवतीची हिरडी किती खोल सुटलीय ते मोजते आणि मोठ्याने आकडे सांगते. निरोगी हिरडीला तीन मिलिमीटरपर्यंत. किनुए बाईंचे आकडे सात, सात, आठ असे चालले होते. बाईंना नगरपालिकेतली टेप आठवली. त्यांनी श्वास रोखला. इथे त्याचा काही उपयोग होत नाही.

डॉक्टर म्हणाले, “बाई, तुमचं वजन आणि तुमच्या हिरड्या ही दोन दुखणी नाहीत. पोटावरची चरबी गप्प बसलेली नसते. तिच्यातून सूज आणणारं काहीबाही रक्तात सुटत असतं. हिरडीत घाण साठली की आधीच तापलेलं अंग तिथे जास्तच भडकतं. आणि हिरडीतली सूज परत रक्तात जाऊन साखर बिघडवते. तुमची बिघडलीय.”

“म्हणजे जाड माणसांचे दात पडणारच?” किनुए बाईंनी विचारलं. तोंडात नळी असताना विचारलं, पण डॉक्टरांना कळतं.

“नाही. पडतातच असं नाही. धोका जास्त. जेवता काय?”

“उरलेले बन.”

“भाजी?”

“चावत नाही.”

“बघा. दात हलतात म्हणून मऊ खाता, मऊ म्हणजे गोड खाता, गोड खाऊन अंग वाढतं, अंग वाढलं की हिरड्या आणखी सैल. किती वर्षं हे चाललंय?” मग त्यांनी मुलीकडे बघितलं, मुलीने जमिनीकडे. “आणि तोंडाचा वास? कोणी काही सांगितलं नाही कधी?”

किनुए बाई म्हणाल्या, नाही.

“निदान वीस वर्षं असणार. कोणीच नाही?”

वाकाना, त्या खुर्चीत पडल्या पडल्या बाईंना एकेक आठवायला लागलं. गिऱ्हाइकं गल्ल्यापासून एक पाऊल मागे उभी राहतात आणि पैसे हात लांब करून ठेवतात. बाईंना वाटायचं, आपण केवढ्या आहोत म्हणून लोक जागा सोडतात. सार्वजनिक स्नानगृहात शेजारची बाई उठून पलीकडच्या नळाला बसते. तेही आपल्या देहामुळेच. आणि पुदिन्याच्या गोळ्या! रेशमी फीत बांधून! आणि ह्या वेडीने, म्हणजे किनुए बाईंनी, त्या गोळ्या मिठाई म्हणून खाल्ल्या आणि परतभेट पाठवली!

सगळ्या गावाने सभ्यपणे सांगितलं आणि बाईंना एकदाही ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, “एकीने सांगितलं होतं. तिच्याशी मी बोलणं टाकलं.”

अशी ही किनुए बाईंची गंमत. बाकी इकडे ठीक. मिओरीचं वजन किती झालं?

आई


१९ फेब्रुवारी

वाकाना,

तुझं पत्र. एकच ओळ, ‘आई, आपल्या शेजारी एका बाजूला सायकलचं दुकान आहे आणि दुसऱ्या बाजूला भिंत.’

बरं, नाही किनुए बाई. मीच ती. तुला पहिल्या ओळीला कळलं असणार, तरी तू पत्र शेवटपर्यंत वाचलंस ना?

आता लपवायचं काही उरलं नाही तर सरळ लिहिते. वरचे पुढचे चार दात गेले. एक मोचीत, तीन डॉक्टरांनी काढले, ते राहण्यासारखे नव्हते. मागचे बहुतेक वाचतील म्हणतात, पण मी ऐकलं तर. ऐकतेय. उरलेले बन आता सायकलवाल्याच्या घरी जातात. कोबी वाफवून खाते. पहिल्या आठवड्यात कोबीकडे बघून रडू आलं, वय झालंय तरी. कमरेची टेप जराशी हललीय असं वाटतं. कवळीचा साचा घेतलाय, पण जखमा भरल्याशिवाय बसवणार नाहीत. म्हणजे बारा मार्चनंतरच.

म्हणून माझं उत्तर नाही असं आहे. कामाचं निमित्त नव्हे. ज्या बाईचा दात मोचीला चिकटून निघाला तिच्या हातून तो खडा बाळाच्या हिरडीला लावायचा? तू नव्या जमान्याची आहेस, हसशील. मीही या गोष्टी अर्ध्याच मानते. पण त्या दिवशी अर्ध्याने भागत नाही. उद्या मिओरीला चाळिशीत हिरड्यांतून रक्त आलं तर मी कुठल्या थडग्यात तोंड लपवू? हिसाशीच्या आईला धरू दे. मी मनापासून सांगते.

आता त्या दिवसाबद्दल. इतकी वर्षं मी ते मनात घोळवलंय की सगळं पाठ झालंय. कानाझावातलं ते हॉटेल, दोन्ही घरांची पहिली भेट. मी तुझी लहानपणची गोष्ट सांगत होते, बादलीत बसून राहिलीस ती. मीच हसत होते जास्त. हिसाशीची आई समोर. तिने तिचा चहाचा कप अगदी हळू स्वतःकडे ओढला, हेही मला आता आठवतं. आणि तू कानाशी येऊन म्हणालीस, “आई, तोंड मिटून बस. प्लीज.”

मी मिटलं. खेकडाही खाल्ला नाही. बाबा बघत होते. मला वाटलं, पोरीला माझी लाज वाटते. इतक्या नाजूक माणसांत ही पिंपासारखी आई, आणि वर मोठ्याने हसते. माझ्या आयुष्यात लोकांनी जे जे केलं ते मी माझ्या जाडीच्या खाती टाकत आले, तेही तिथेच टाकलं. लग्नाला आले नाही. बाबांना एकट्याला पाठवलं. त्यांच्या शेवटच्या दिवशी तू आणि मी शेजारी बसलो आणि फुलं कोणती लावायची एवढंच बोललो.

बाबांचं काय लिहू? तुला माहीत नाही, मुलीला कशाला माहीत असावं. आमच्या गाद्या शेजारी शेजारी. तू शाळेत जायला लागलीस त्या सुमाराला ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. कूस बदलली की पुन्हा भिंतीकडे. मी त्यांच्या पाठीकडे बघत असे. एकदा चेष्टेत म्हटलंही, “भिंत माझ्यापेक्षा सडपातळ आहे म्हणून का?” ते म्हणाले, “काहीतरीच.” आणि वळले नाहीत. मग मी उठून स्वयंपाकघरात जायचे आणि उरलेला बन खायचे. कधी दोन.

बघ ना, त्यांनी पाठ केली म्हणून मी खात राहिले, आणि मी खात राहिले तशा हिरड्या सडत गेल्या. डॉक्टरांना हे मी सांगितलं नाही. त्यांच्या चक्रात एवढी जागा नव्हती.

त्यांना वास येत होता, वाकाना. जाडी नव्हे. जाडी त्यांना आवडायची, आंघोळीनंतर माझ्या दंडाला चिमटा काढायचे. आणि त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. आता त्यांना विचारता येत नाही. मला त्यांचा इतका राग येतो आणि इतकी दया येते की दोन्हींचं करायचं काय ते कळत नाही.

तू एकटीच बोललीस. वाईट बोललीस, पण बोललीस.

आई


३ मार्च

वाकाना,

आज बाहुल्यांचा दिवस. तुझ्या बाहुल्या मांडल्या. राणीच्या बाहुलीचा हात तूच मोडला होतास, तो अजून दोऱ्याने बांधलेला आहे.

तुझं पत्र पाच दिवसांपूर्वी आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. वाफेचं भांडं चुलीवर होतं, त्यातलं पाणी आटून तळ करपला.

तू लिहिलंयस, ‘आई, हे मी तुला कधीच सांगणार नव्हते. बाबा गेल्यावर तर नाहीच. त्या दिवशी सकाळी बाबा माझ्याकडे आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले, बसडेपोत साहेबांसमोर उभे राहायचे तसे. म्हणाले, वाकाना, आईच्या तोंडाला वास येतो. पुष्कळ वर्षं येतो. मी रोज सांगायचं ठरवतो आणि तिचं तोंड बघितलं की जमत नाही, ती अंगावरून आधीच इतकी ऐकून घेते. तू मुलगी आहेस. तूच सांग. जेवणानंतर सांगणार होते, आई. तेवढ्यात तू हसायला लागलीस आणि त्यांच्या आईने कप ओढला, आणि मला तुझ्यासाठी इतकं वाईट वाटलं की तोंडातून भलतंच निघालं. नंतर खरं सांगायचं तर बाबांचं नाव घ्यावं लागलं असतं. त्यांनी हात जोडले होते.’

चार वर्षं तू त्यांच्यासाठी माझा अबोला सोसलास. आणि ते बसले होते समोर खेकडा सोलत!

मी देव्हाऱ्यापुढे गेले आणि त्यांच्या फोटोला म्हटलं, “बस चालवताना पन्नास माणसांना मागे सरका, मागे सरका म्हणून ओरडत होतात, आणि घरात एका बायकोला एक वाक्य सांगता आलं नाही?” रोज पहिला बन त्यांच्यापुढे ठेवते. तो उचलला. म्हटलं, राहा उपाशी. तीन दिवस ठेवला नाही. तीन दिवस त्यांचा चेहरा तोच, जरासा हसरा, काहीच न झाल्यासारखा.

चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना ब्रशकडे लक्ष गेलं. तुला आठवतं का, आमच्या घरात माझा ब्रश दर महिन्याला नवा व्हायचा? मी कधी आणला नाही. बाबा आणायचे. म्हणायचे, “डेपोत फुकट वाटतात.” मी म्हणायचे, “केवढी चैन डेपोची!” वाकाना, कुठला बसडेपो बायकांचे ब्रश वाटतो? मऊ केसांचे असायचे. डॉक्टर एगाशिरांनी मला जो दिलाय तोच, त्याच बनावटीचा. म्हणजे ते कुठेतरी जाऊन विचारून आले होते. विचारून आले, विकत घेतला, पेल्यात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी आणि ब्रश! दमून यायचे, दोनदा फिरवायचे आणि झोपायचे. एवढं प्रेम पेल्यात उभं होतं आणि मी त्याने धड दात घासले नाहीत.

मी न्हाणीघरात खाली बसून रडले. तिथून उठायला मला वेळ लागतो, तुला माहीत आहे, तेव्हा बराच वेळ रडले. मग बन ठेवला त्यांच्यापुढे. छोटा ठेवला.

आता तुझ्या पत्राचा शेवट. तो मी मुद्दाम शेवटी घेतला. ‘गरोदरपणात माझंही वजन खूप वाढलं, अजून उतरलं नाही. ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसतं. हिसाशी काही म्हणत नाही. त्याची आई मला सारखी सांगते, तू किती छान दिसतेस. आई, परवा तिने मला पुदिन्याच्या गोळ्या दिल्या. मला इथे खरं सांगणारं कोणी नाही. चॉपस्टिक धरायच्या नसतील तर नको धरूस. पण ये, आणि माझ्या तोंडाजवळ येऊन सांग.’

पोरी, एवढं तू पहिल्या कार्डात का नाही लिहिलंस?

अकरा तारखेची गाडी बघतेय. आपल्या देवळातून खडा मागून घेतलाय. भटजीबुवा म्हणाले, जेवण झालं की परत आणून द्यायचा. पिशवीत ठेवलाय. हातात घेतला की गार लागतो.

आई


१७ मार्च

वाकाना,

घरी पोचले. खडा देवळात परत दिला. विषुवाच्या मागण्या इतक्या साठल्यात की हे पत्र पुरण आटतंय तेवढ्यात लिहितेय, डाग पडले तर समजून घे.

डॉक्टरांकडे गेलीस का? मी दारात चपला काढायच्या आत तू तोंड उघडून पुढे केलंस आणि मी वास घेऊन सांगितलं, “येतो. थोडा येतो. उद्याच जा.” हिसाशीच्या आईचा चेहरा कसा झाला होता! असा पाहुणा त्यांच्या घरी कधी आला नसेल. तू हसलीस, मग तुला रडू आलं, मग तू म्हणालीस, “आई, तुझे दात!” आणि मी मास्क काढला. पुढे नुसती खिडकी उघडी. इतक्या दिवसांनी पोरीने बघावं ते हे.

तरी तू चॉपस्टिक माझ्याच हातात दिल्यास. मी हिसाशीच्या आईकडे सरकवल्या, तिने माझ्याकडे. तूच शेवटी वैतागून म्हणालीस, “तुझे दात का गेले ते तुला कळलंय. ते कळणं तिला दे.” खड्याला टोक लावलं, मिओरीच्या हिरडीला टेकवलं. घट्ट होती हिरडी, खालून काहीतरी येऊ घातलंय. “दगडासारखे दात येऊ देत” म्हणायला गेले तर पुढे दात नसल्यामुळे नुसती शीळ वाजली. सगळे हसले. हिसाशीची आईही हसली. मी तिच्या कपाकडे बघत होते. कप जागेवर होता. शिष्टाचार म्हणून असेल, किंवा नसेलही. त्या बाईंचं मला अजून कळत नाही.

तुला विचारायचं होतं, माझा अजून येतो का. डॉक्टर म्हणतात, आता नाही. पण डॉक्टरांना मी पैसे देते. दोन्ही दिवस ओठांवर आलं आणि विचारलं नाही. तुला खरं बोलावं लागलं असतं, आणि मला ते त्या दोन दिवसांत नको होतं. बघ, बाबांना नावं ठेवते आणि करते तेच.

एक गोष्ट तू पाहिली नाहीस. जेवणानंतर तू भांडी घासत होतीस आणि मी मिओरीला घेऊन आडवी झाले होते. दुपारचं ऊन गादीवर होतं. ती झोपली आणि झोपेत माझ्याकडे वळली, तिचं नाक अगदी माझ्या तोंडाशी. मला बाजूला होता येईना, हललं तर उठली असती. मी श्वास रोखला. टेप लावतात तेव्हा रोखते तसा. मला वाटलं, वळेल आता भिंतीकडे. माझ्यासारखीला फार वेळ रोखता येत नाही. छाती फुटायला आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी सगळा श्वास तिच्या तोंडावर सुटला.

तिने कूस बदलली नाही.

आई